पहिले गिऱ्हाईक : करवीरातील एका चहाच्या दुकानाची हकीकत

धंदा काढावयाचा म्हटले म्हणजे आपल्या घरांतून पहिला प्रश्न निघतो तो भांडवलाचा. जागेचे भाडे, अनामत रक्कम, कपाटे-टेबले, माल आणि परवाना यांचा आकडा मांडला जातो; मग घरातील दागिन्यांकडे नजर वळते आणि पतपेढीच्या पायऱ्या झिजविल्या जातात. एवढ्या खटाटोपानंतर सत्यनारायण होतो, पेढे वाटले जातात, आप्तेष्ट शुभेच्छा देऊन आपापल्या घरी जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तरुण दुकानदार गल्ल्यावर बसून रस्त्याकडे पाहू लागतो. ज्या गोष्टीचा आकडा कोणीच मांडला नव्हता तीच नेमकी उणी असल्याचे त्यास तेव्हा कळून येते. ती गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक.

मोठ्या कारखानदारास जाहिरातीवर पैसा ओतता येतो. लहान धंदेवाल्याची सारी पुंजी दुकान उभारण्यातच संपलेली असते. मग त्याने आपली वस्तू लोकांपुढे न्यावी कशी? ह्या प्रश्नावर हल्ली पुष्कळ पुस्तके मिळतात, वर्ग भरतात, व्याख्याने होतात. तथापि ह्या प्रश्नाचे एक अत्यंत बोधप्रद उत्तर आपल्याच शहरात, सुमारे शंभर वर्षांपूर्वी, एका चहाच्या दुकानात दिले गेले आहे. श्री. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलाची हकीकत कोल्हापुरात बहुतेकांच्या कानांवर आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या जयंतीस, २६ जूनला, ती व्यासपीठांवरून सांगितली जाते. परंतु ती सांगितली जाते ती महाराजांच्या थोरवीची कथा म्हणून. एका नव्या, लहान आणि निष्कांचन धंद्याची कथा म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्या बाजूने तिचा विचार करावयाचा योजिला आहे.

चहा : नवा माल आणि जुने सोवळे

प्रथम ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे की, त्या काळी चहा हाच मुळी आपल्याकडे नवा माल होता. मळे हिंदुस्थानात आणि पिणारे मुख्यतः विलायतेत, अशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थिती होती. ह्या मालाची मागणी वाढावी म्हणून १९०३ साली खास कायदा झाला आणि निर्यात होणाऱ्या चहावर कर बसवून त्या पैशातून चहाचा प्रचार करण्याची व्यवस्था सरकारने करून दिली. पुढे गिरण्या, रेल्वे स्टेशने आणि बाजारपेठा येथे लोकांस चहाची सवय लावण्याचे प्रयत्न झाले, ते ह्याच धोरणातून. एका पेयाचा खप वाढविण्यासाठी सारे सरकार आणि सारे मळेवाले कामास लागले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु कोणत्याही जाहिरातीने न सुटणारी एक अडचण चहाच्या पेल्यात होती. चहा म्हणजे अखेर उकळलेले पाणीच. आणि पाणी कोणाच्या हातचे चालावे, कोणाच्या हातचे चालू नये, याचे नियम आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या कडेकोट राखले होते. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानास जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली, ह्या एवढ्याशा गोष्टीने केवढे वादळ उठले! उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापली गेली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषासही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. लोकमान्य टिळकही त्या प्रकरणात गोवले गेले होते. चहाच्या एका पेल्याची जिथे एवढी किंमत मोजावी लागत होती, तिथे अस्पृश्य मानलेल्या माणसाने चहाचे दुकान थाटावे आणि सर्व जातींच्या गिऱ्हाइकांची वाट पाहावी, ही कल्पना त्या काळच्या व्यवहारी माणसास वेडगळच वाटली असती.

हौदापासून हॉटेलापर्यंत

श्री. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत चाकरीस होते. ते जातीने महार. पागेतील पाण्याचा हौद स्पृश्य नोकरांसाठी राखलेला असे. त्या हौदाला शिवल्याच्या आरोपावरून तेथील काही नोकरांनी त्यांस बेदम मारहाण केली. महाराज त्या वेळी परगावी होते. ते परतल्यावर गंगाराम यांनी सोनतळीच्या छावणीवर जाऊन त्यांच्यापुढे आपले गाऱ्हाणे मांडले. महाराजांनी अपराध्यांस शासन केले. परंतु तेवढ्यावरच ते थांबले नाहीत. गंगाराम यांस त्यांनी चाकरीतून मोकळे केले आणि स्वतःचा स्वतंत्र धंदा काढण्यास सांगून साहाय्याचे आश्वासन दिले.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखा आहे. दुसऱ्या एखाद्या राजाने पीडित नोकराची बदली केली असती, त्यास बक्षीस दिले असते, फार तर पगार वाढविला असता. महाराजांनी त्यास चाकरीच्या बाहेरच काढले. १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर खुद्द त्यांनाच वेदोक्त मंत्र नाकारले गेले होते. छत्रपतीच्या गादीवर बसूनही जन्माचा उणेपणा ऐकून घ्यावा लागतो याचा अनुभव त्यांनी घेतला होता. चाकरी कितीही चांगली असली तरी माणूस कोणाच्या तरी हौदाशी बांधलेलाच राहतो, आणि स्वतःच्या दुकानात तो स्वतःचा धनी होतो, हा विचार त्यांच्या ह्या कृतीमागे स्पष्ट दिसतो.

अशा रीतीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस कोल्हापुरातील भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे एक नवे दुकान उघडले. पाटीवर नाव होते ‘सत्यसुधारक हॉटेल’. सत्यशोधक चळवळीने भारलेल्या त्या दिवसांत ह्या नावाचा अर्थ कोणालाही समजावून सांगण्याची गरज नव्हती. दुकान टापटिपीचे होते, चहा उत्तम होता, भांडी लखलखीत होती, असे सांगतात. जागाही काही आडवळणाची नव्हती. आज ज्या रस्त्यावर महानगरपालिकेची मुख्य इमारत उभी आहे, तो हा भर शहरातील वर्दळीचा रस्ता. माल चांगला, जागा चांगली, पाटी ठसठशीत. धंद्याच्या पाठ्यपुस्तकात जे जे सांगितलेले असते ते ते सर्व तेथे होते.

आणि तरीही दुकानात कोणी येईना. चहा वाईट म्हणून नव्हे, महाग म्हणूनही नव्हे. दुकानदार कोण आहे हे साऱ्या शहरास ठाऊक होते, आणि तेथे चहा पिताना आपणांस कोणी पाहील ही धास्ती प्रत्येकाच्या मनात होती. ह्या दुकानाची प्रसिद्धी अपुरी पडत नव्हती. ते जरा अधिकच प्रसिद्ध होते!

महाराजांची गाडी

ही वार्ता महाराजांच्या कानी गेली. खडखड्यातून शहरात फेरफटका करण्याची महाराजांस आवड होती, आणि ह्या गाडीचा आवाज आला म्हणजे माणसे रस्त्यावर येऊन उभी राहत. ती गाडी एके दिवशी गंगारामांच्या दुकानासमोर येऊन थांबली. महाराजांनी चहा मागविला, तो भर रस्त्यात सर्वांच्या देखत घेतला, आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावला. हा प्रकार एकदाच होऊन थांबला नाही. महाराज पुनःपुन्हा तेथे येत राहिले. बरोबर बहुधा उच्चवर्णीय सरदार, अधिकारी असत. महाराजांनी घेतलेला चहा आपण नाकारावा कसा, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राही, आणि पेला ओठी लागे.

पुढे महाराजांनी आणखी एक युक्ती योजिली असे सांगतात. ज्यांना कागदांवर महाराजांची सही हवी असे त्यांना ते गंगारामांच्या हॉटेलात येण्यास सांगत. काम असलेला माणूस तेथे येई, वाट पाहत बसे, आणि बसलेल्या माणसापुढे चहा येई. नुसत्या चहावर न थांबता सोडाही ठेवावा असे सुचवून महाराजांनी गंगारामांस सोडा वॉटरचे यंत्रही घेऊन दिले. एकाच भाड्यात, एकाच गिऱ्हाइकापुढे दोन वस्तू ठेवता याव्यात ही त्यामागील व्यापारी दृष्टी आजच्या दुकानदारानेही लक्षात घेण्याजोगी आहे.

आता ह्या सर्वाचा जमाखर्च मांडून पाहा. यंत्राची किंमत सोडली तर महाराजांनी गिऱ्हाईक आणण्यासाठी जे केले त्यास जवळजवळ काहीच खर्च आला नाही. गाडी रस्त्यावरून जातच होती. सह्या करावयाच्याच होत्या. चहा कोठे तरी घ्यावयाचाच होता. जे नित्य घडत होते ते फक्त एका ठरावीक जागी घडू लागले. जाहिरातीचे काम तरी अखेर काय? ‘हे दुकान येथे आहे’ एवढे सांगणे हा त्यातील सोपा भाग. ‘येथे येण्यास भिऊ नका’ हे पटविणे हा कठीण भाग. आणि तो शब्दांनी साधत नाही. तो साधतो ज्याच्यावर लोकांची नजर आहे अशा माणसाने उघडपणे तेथे जाऊन बसण्याने. पुण्यास पंचहौद प्रकरणी चहा घेणारांची नावे छापून त्यांना प्रायश्चित्तापर्यंत आणता आले. कोल्हापुरास खुद्द छत्रपतींनीच चहा घेतल्यावर प्रायश्चित्त मागावयाचे कोणाकडे?

कोणी म्हणेल, ही तर सक्तीच झाली. राजाच्या धाकाने घेतलेला चहा म्हणजे विश्वास नव्हे. ह्या आक्षेपात तथ्य आहे, आणि तो टाळण्याचे कारण नाही. पहिला पेला पुष्कळांनी भीतीपोटीच घेतला असेल. परंतु बहिष्कार हाही भीतीवरच उभा होता. एका भीतीने दुसरी भीती फोडली, एवढेच घडले. दुसऱ्यांदा माणूस चहाच्या चवीसाठी येतो, आणि ती चव राजाज्ञेने येत नाही. ती गंगारामांच्या हातची होती. पहिले गिऱ्हाईक दुसऱ्याने आणून दिले तरी त्यास टिकविणे दुकानदाराच्याच हाती असते, हा धंद्याचा नियम येथेही सुटलेला नाही.

पैसे देऊनही न छापलेली जाहिरात

ह्याच सुमारास दुसरा एक नवा आणि गरीब उपक्रम गिऱ्हाइकाच्या शोधात होता. ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. वृत्तपत्र म्हटले की त्यालाही वर्गणीदार हवेत, आणि वर्गणीदार मिळावेत म्हणून त्याचे नाव लोकांस कळावयास हवे. ‘मूकनायका’ची जाहिरात ‘केसरी’कडे धाडण्यात आली, तिचे पैसे देण्याची तयारी होती. ‘केसरी’ने ती जाहिरात पैसे घेऊनही छापण्याचे नाकारले. भाऊसिंगजी रस्त्यावरील दुकानाची अडचण आणि मुंबईच्या त्या पाक्षिकाची अडचण एकच होती. खर्च करण्याची तयारी असूनही दार उघडत नव्हते. येथेही महाराज आपण होऊन पुढे आले आणि त्यांनी ‘मूकनायका’स अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगाव येथे भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेत, डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली, महाराज स्वतः उपस्थित राहिले आणि जमलेल्या लोकांस त्यांनी आपला पुढारी ओळखून घेण्यास सांगितले. चहाच्या दुकानापुढे गाडी थांबविणे आणि परिषदेत उभे राहून तरुण पुढाऱ्याचा गौरव करणे, ह्या दोन्ही कृतींची जात एकच आहे. स्वतःचा लौकिक दुसऱ्याच्या नव्या कार्यास उघडपणे उसना देणे, हेच ते.

कुंचल्याची जाहिरात

अर्थात प्रत्येक धंद्यास राजा भेटत नाही. म्हणून त्याच वर्षांतील कोल्हापूरचेच दुसरे उदाहरण थोडक्यात नमूद करणे इष्ट होईल. कै. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे नाटकांचे पडदे रंगविणारे कलावंत. चित्रकलेच्या धंद्यावरून लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले आणि तेच त्यांचे नाव झाले. धंद्याचे नाव आडनावास चिकटावे यापेक्षा मोठी पाटी ती कोणती! त्यांनी व त्यांचे बंधू आनंदराव यांनी चित्रपटाचा कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा नसल्याने तो स्वतःच तयार करण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली निवर्तले. बाबूरावांनी काम सोडले नाही. श्रीमती तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक साहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट पुण्यास झळकला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

बाबूरावांच्या जाहिरातीस बाहेरचा कलावंत लागला नाही. चित्रपटांची भित्तिचित्रे ते स्वतःच्या कुंचल्याने रंगवीत. ‘कल्याण खजिना’ ह्या १९२४ च्या चित्रपटाचे त्यांचे भित्तिचित्र आजही उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिचित्रांत गणले जाते. पडदे रंगविण्याची जी विद्या हाती होती तीच नव्या धंद्याची प्रसिद्धी करण्यास उपयोगी पडली. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने आपल्या हातातील कसब जाहिरातीस जुंपावे, हा त्यातील धडा. तरी येथेही पाहा : कसब बाबूरावांचे, परंतु पहिला विश्वास तानीबाईंनी दाखविला आणि पहिला जाहीर गौरव टिळकांनी केला. म्हणजे पहिला विश्वास दाखविणारे कोणी तरी येथेही लागलेच.

कायदा आणि उंबरठा

महाराजांनी १९१९ साली करवीर संस्थानातील सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने आणि कचेऱ्या अस्पृश्यांस खुल्या करण्याचे हुकूम काढले. त्याच वर्षी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांस एकत्र बसविण्याची आज्ञा दिली. जी गोष्ट हुकमाने होण्यासारखी होती ती त्यांनी हुकमाने केली. परंतु गंगारामांच्या हॉटेलात चहा प्यालाच पाहिजे असा हुकूम त्यांनी काढला नाही. तो काढता येण्यासारखा नव्हता. तेथे त्यांना स्वतः जावे लागले.

ह्या भेदाचे महत्त्व पुढे भारतीय राज्यघटनेने अधिकच स्पष्ट केले. २६ जानेवारी १९५० पासून घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली. पंधराव्या कलमाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास मिळाला. १९५५ साली तो हक्क मोडणारांस शिक्षा देणारा कायदा झाला. ह्या तरतुदींची थोरवी वादातीत आहे. परंतु त्या गिऱ्हाइकाच्या प्रवेशाचे रक्षण करतात. दुकान ज्याचे आहे त्याच्याकडे गिऱ्हाईक पाठविणे कोणत्याही कायद्याच्या शक्तीबाहेरचे आहे. कोणी कोठे चहा प्यावा, कोणाकडून किराणा घ्यावा, कोणाकडे कपडे शिवावेत, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिले. आणि त्या मर्जीच्या आड जुना बहिष्कार आजही सभ्य वेषात राहू शकतो. ‘तिकडची चव आम्हांस मानवत नाही’ एवढे म्हटले की पुरे! तेथे न्यायालयाचा हात पोहोचत नाही. तेथे शेजाऱ्याचा पाय पोहोचावा लागतो.

आपल्या समाजापुरता विचार

आता हे सर्व ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. कारण असे की, आपली संस्था, किंबहुना कोणतीही ज्ञातिसंस्था, आपल्या तरुणांस धंद्यात उतरण्याचा उपदेश नेहमी करते. शिष्यवृत्त्या दिल्या जातात, सत्कार होतात, ह्या अंकासारख्या अंकांत ज्ञातिबंधूंच्या दुकानांच्या जाहिराती छापल्या जातात. त्या जाहिराती आपण वाचतो. परंतु त्यांतील किती दुकानांचा उंबरठा आपण ओलांडतो? आणि ओलांडला तर पुष्कळदा ‘आपलाच माणूस’ म्हणून भाव कमी करून घेण्यासाठी, किंवा पुढच्या महिन्यात देण्याच्या बोलीवर माल नेण्यासाठी. नव्या दुकानास परक्यांच्या अबोल्यापेक्षा आप्तांची उधारी लवकर बुडविते, हे कोणत्याही जुन्या व्यापाऱ्यास विचारावे. पहिले गिऱ्हाईक व्हावयाचे तर रोख पैसे देणारे, चारचौघांत नाव घेणारे आणि दोष दिसल्यास तो दुकानदारास एकांतात सांगणारे गिऱ्हाईक व्हावे. एवढ्या तीन गोष्टी प्रत्येक कुटुंबाने पाळल्या तर नव्या दुकानदारास हजारो रुपयांची जाहिरात फुकट मिळेल.

परंतु गंगारामांच्या हकीकतीचा खरा बोध ह्याहून अवघड आहे. त्यांचे दुकान त्यांच्या जातीच्या गिऱ्हाइकांवर उभे राहू शकले नसते; तेवढा पैसा त्या जातीच्या हाती त्या काळी नव्हता. त्यांच्यापुढे जे गिऱ्हाईक आले ते जातीची भिंत ओलांडून आले. प्रत्येक जातीने केवळ आपल्याच माणसाकडून माल घ्यावा असा नियम सर्वांनी केला, तर ज्यांची संख्या मोठी आणि खिसा भरलेला त्यांचेच व्यापारी मोठे होतील, आणि लहान व दरिद्री समाजाचा दुकानदार आपल्या पाटीखाली हात जोडून बसून राहील. ज्ञातिसंस्था ही आपल्या माणसास उभे करण्यासाठी आहे. त्याच्याभोवती कुंपण घालण्यासाठी नाही. आपल्या तरुणाच्या दुकानी इतर समाजांनी यावे अशी आपली इच्छा असेल, तर इतर समाजांतील नव्या माणसाच्या दुकानी आपणही प्रथम गेले पाहिजे.

महाराज ६ मे १९२२ रोजी निवर्तले. त्यानंतर काही वर्षांतच कोल्हापुरातील नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभारण्यासाठी पुढाकार घेणारा पुरुष कोण होता? गंगाराम कांबळेच. संस्थानात मानकरी पुष्कळ होते, महाराजांच्या कृपेने पदास चढलेले अधिकारीही थोडे नव्हते. ह्या कामी प्रथम उभा राहिला तो चहाच्या दुकानाचा मालक. ज्याला एकदा कोणी रस्त्यात सर्वांच्या देखत गिऱ्हाईक म्हणून मान दिला, त्याने तो मान चारचौघांतच परत केला.

आपल्या गल्लीत, आपल्या पेठेत, ह्या वर्षीही कोणी तरी नवे दुकान उघडील. ते शिलाईचे असेल, पिठाच्या गिरणीचे असेल, चहाचे असेल. दुकानदार आपल्या ज्ञातीचा असेल वा नसेल. पाटी रंगविण्यातच त्याचे पैसे संपले असतील. आपल्यापाशी खडखडा नाही आणि सहीस वाट पाहणारी माणसेही नाहीत. परंतु प्रत्येक कुटुंबाकडे शेजाऱ्यांची नजर असतेच, आणि तेवढा लौकिक एखाद्या नव्या माणसास उसना देण्यास पुरेसा आहे. पहिल्याच आठवड्यात सहकुटुंब तेथे जावे, रोख पैसे द्यावेत, आणि पेला उघड्यावर बसून घ्यावा.